पवनेकाठची रात्र

एकीकडे तिकोना, दुसरीकडे तुंग आणि मधे पवना धरणाचे संथ पाणी. काठावर आमचे तंबू. कापडी भिंतींची चाळच म्हणा ना! शेजारच्या तरुणांचा स्पीकर रात्री दहानंतरही गर्जत होता. मी जाऊन २००० सालचे ध्वनिनियम ऐकवले : रात्री दहा ते सकाळी सहा बंद! (मास्तरकीची खोड, दुसरे काय!) पोरांनी निमूटपणे ऐकले.

मग आमच्या भेंड्या रंगल्या. थंड रात्री पाण्यावरून आवाज फार दूर जातो, याचे भान कुणाला?

पहाटे जागेचे मालक, म्हातारबा, दूध घेऊन आले.

“झोप लागली ना, बाबा?”

“आमचं काय, मास्तर! गाय व्याली राती. गाण्यानं लई बिथरली व्हती.”

शेजारची पोरे चहा पीत होती. माझ्याकडे एकानेही पाहिले नाही.