मोत्याचा साज

आमच्या घरात कुत्रे येणार नाही, हा माझा पंचवीस वर्षांचा कायदा होता. माझ्या मुलीने एका पावसाळी संध्याकाळी तो मोडला. ओढणीत गुंडाळून आणलेले ते पांढरे, झुपकेदार स्पिट्झ पिल्लू पाहताच आईने त्याचे नाव 'मोत्या' ठेवून टाकले. मुख्याध्यापकाचा हुकूम शाळेच्या फाटकापर्यंतच चालतो, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. पुढे मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि मोत्या आमच्याकडे, खरे म्हणजे आईकडे, राहिला.

आईचे वय आता ब्याऐंशी. माहेर शिंदखेडा तालुक्यातले. भुसावळ-सुरत रेल्वेने जी कितीतरी खानदेशी कुटुंबे उधना-लिंबायत भागात येऊन स्थिरावली, त्यांतलेच आमचे एक. गुडघे आणि बोटे संधिवाताने आखडल्यापासून आईचे बाहेर जाणे जवळजवळ थांबले आहे. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मोत्याला फिरवून आणणे, वाटेत गुजराती शेजारणींशी अर्धे मराठी, अर्धे गुजराती बोलणे, एवढेच तिचे जग. सकाळची फेरी माझ्याकडे असते.

सकाळची शाळा असल्यामुळे मी नेहमी घाईत. मोत्या मात्र प्रत्येक खांबाची सविस्तर चौकशी करणारा. तो थांबला की मी गळ्यातल्या पट्ट्याला हिसका देई. तो खोके, घशातून बदकासारखा आवाज काढी. मला वाटे, नाटके करतो आहे. वर्गात ऐन तोंडी परीक्षेच्या वेळी खोकला येणारी मुले मी तीस वर्षे पाहिली आहेत. मी आणखी एक हिसका देई.

एका सकाळी खोकता खोकता मोत्या खाली बसला आणि त्याची जीभ निळसर दिसू लागली. मी त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. लहान जातींच्या कुत्र्यांत ही कडी कधी कधी वयाबरोबर नरम पडतात, नळी चपटी होते आणि हवा अडते. गळ्यातला पट्टा ओढला की नेमका त्या नळीवर दाब येतो. पूर्ण बरे होण्यासारखा हा आजार नव्हे; पण औषध द्यायचे, वजन वाढू द्यायचे नाही आणि साखळी गळ्याला न लावता छातीपट्ट्याला लावायची. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्याच दिवशी मी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "साहेब, माप लाव्या छो?" मी ऐटीत गळ्याचे माप सांगितले. मराठीच्या एम.ए.ला कुत्र्याच्या छातीचा घेर नेमलेला नसतो! घरी आणलेला पट्टा अर्थातच बसला नाही. मग सौ.ची शिवणाची टेप घेऊन पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजला. दाट केसांवरून टेप सैल धरली तर माप मोठे येते, म्हणून केस दाबून मोजावे लागते. घेर भरला बेचाळीस सेंटिमीटर.

दुसरा पट्टा डोक्यावरून घालायचा होता. तो तोंडासमोर आला की मोत्या पलंगाखाली. तिसऱ्यात पुढचे दोन्ही पाय दोन फासांत घालून पाठीवर क्लिप लावायची होती. मोत्याची हरकत नव्हती. पण त्याचे पाय उचलायला आईला वाकता येईना. शिवाय त्याची अरुंद नायलॉनची पट्टी काखेत घासून चौथ्या दिवशी कातडी लाल झाली. त्या चार दिवसांत संध्याकाळी दोघेही घरात बसून होते. आई खिडकीशी, मोत्या तिच्या पायाशी.

अखेर आईनेच मला समोर बसवले. अहिराणीत जे झापले, त्याचा सारांश असा : "तुझ्या आजोबांनी बैलाला कधी गळ्याने ओढले नाही. जुवाचा भार खांद्यावर. जोते गळ्याखाली सैल, हात जाईल इतके. आणि झूल घालताना बैलाला वाकवत नाहीत, झूल त्याच्या पाठीवर टाकतात." पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळणारे आजोबा माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. वर्षभर ज्या जागेने ओझे वाहिले, तिची वर्षातून एकदा तरी माफी मागायची, असाच त्याचा अर्थ असावा.

चौथ्या वेळी मी मोत्याला आणि आईला, दोघांनाही रिक्षात घालून दुकानात नेले. आईने बसून एकेक पट्टा हातात घेतला. तिने निवडला तो जाळीदार कापडाचा; आपल्या सुरतच्या दमट उकाड्यात हवा खेळती राहील असा. छातीवर तो इंग्रजी 'वाय'सारखा बसतो, त्यामुळे खांदे मोकळे राहतात आणि गळ्यावर काही येत नाही. कडा मऊ, काखेपासून बोटभर दूर. मुख्य म्हणजे गळ्याशी आणि दोन्ही बाजूंना क्लिपा आहेत. झुलीसारखा पाठीवर टाकायचा, पट्ट्या खालून घ्यायच्या आणि तळव्याने दाबायचे. मोठा 'टक्' आवाज होतो. आईला नीट दिसत नाही, पण ऐकू येते. मग ती पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहते. बोटे सहज गेली की बरोबर. त्याहून सैल असेल तर मागे सरकून मोत्या निसटेल.

आता संध्याकाळी आई ओट्याच्या पायरीवर बसते, मोत्या वरच्या पायरीवर आपणहून उभा राहतो. तीनदा 'टक्' होते आणि दोघे निघतात. मोत्याचा खोकला गेलेला नाही, कमी झाला आहे. जुना पट्टा गळ्यात सैल आहे. त्यावर फक्त आमचा फोन नंबर लटकतो.

सकाळी मोत्या खांबाशी थांबला की मीही थांबतो. उशिरा येणाऱ्या मुलांना फाटकाशी उभे करणारा माणूस मी. मला उशीर करून चालत नाही. म्हणून घरातून पंधरा मिनिटे आधी निघतो.