आठ वेळा आमदार



मांजलपूर हा बडोद्याच्या दक्षिण भागातला विधानसभा मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी तो नकाशावर नव्हता. तोवर शहराला बडोदे शहर, सयाजीगंज आणि रावपुरा अशा तीनच जागा होत्या. वस्ती या जागांत मावेनाशी झाली, तेव्हा अकोटा आणि मांजलपूर या दोन नव्या जागा निघाल्या आणि २०१२ मध्ये तिथे पहिली निवडणूक झाली. तेव्हापासून २०२२ पर्यंत तिन्ही वेळा मांजलपुरातून एकच माणूस निवडून आला : योगेश पटेल, म्हणजे शहराचे योगेशभाई.

त्यांची कारकीर्द मात्र मांजलपुरात नव्हे, रावपुऱ्यात सुरू झाली. १९९० मध्ये ते जनता दलाच्या तिकिटावर तिथून पहिल्यांदा विधानसभेत गेले. चिमणभाई पटेलांचा जनता दल आणि भाजप यांनी मिळून काँग्रेसला सत्तेवरून खाली खेचले, तेच हे वर्ष. पुढे ते भाजपमध्ये आले आणि १९९५, १९९८, २००२ व २००७ अशी रावपुऱ्याची जागा राखून राहिले. रावपुरा, दांडिया बाजार हा गायकवाडी काळापासूनचा मराठी वस्तीचा पट्टा. योगेशभाईंच्या आमदारकीच्या काळात तिथल्या वाड्यांतली बरीच कुटुंबे जागा अपुरी पडू लागल्याने मांजलपूर-मकरपुऱ्याकडच्या सोसायट्यांत राहायला गेली. २०१२ मध्ये आमदारही त्याच दिशेने सरकले, त्यामुळे जागा नवी असली तरी मतदार सगळे परके नव्हते.

शहरी आमदाराचे काम नेमके काय, हे पुस्तकी व्याख्येत सापडत नाही. रस्ता, पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती ही सगळी महापालिकेची कामे. बडोद्यात त्यासाठी १९ वॉर्ड आणि ७६ नगरसेवक आहेत, एका वॉर्डाला चार, म्हणजे पुण्याच्या प्रभागांसारखेच. खरी सही आयुक्तांची, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. या उतरंडीत आमदाराला अधिकार जवळजवळ नाही, पण गांधीनगरशी थेट बोलण्याची सोय आहे. आमदारनिधी असतो, पण तोही आमदाराच्या हातात पडत नाही. आमदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा आयोजन कचेरीतून येते आणि काम महापालिका करते. म्हणून इथल्या आमदाराची ताकद पैशापेक्षा रजुआतीत, म्हणजे अर्ज घेऊन तो कोणत्या टेबलावर अडला आहे हे शोधत राहण्यात असते. हे काम तीन दशकांहून जास्त काळ करणारा माणूस बहुतेक अधिकाऱ्यांपेक्षा कार्यपद्धती जास्त जाणतो. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात.

मांजलपुरात या कामाला आकार दिला तो टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीमने. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार शेतजमिनींचे तुकडे एकत्र करून त्यातून रस्ते, बागा, शाळांसाठी भाग काढून घेतात आणि उरलेला भाग मालकांना नव्या आखणीत परत देतात. सक्तीच्या भूसंपादनापेक्षा ही वाट बरी, आणि तिच्यामुळेच दक्षिण बडोद्याचे मोठे रस्ते बरेचसे सरळ आहेत. पण सोसायटीच्या फाटकाच्या आतला रस्ता खाजगी मानला जातो, तो टीपीत येत नाही. तिथे राज्याची जनभागीदारी योजना कामाला येते : ७० टक्के सरकार, २० टक्के सोसायटी, १० टक्के महापालिका. प्रत्यक्षात काय घडते, तर चेअरमन सोसायटीच्या लेटरहेडवर पेव्हर ब्लॉकचा अर्ज करतात, घरोघर वर्गणी काढतात, दोन घरे हटकून नाही म्हणतात, आणि मग अर्जाची एक प्रत आमदाराच्या कार्यालयात जाते. गल्लीतली लोकशाही इतकी साधी आणि इतकी चिवट असते. कोनशिला बसते तेव्हा नावे मात्र वेगळीच झळकतात.

योगेशभाई स्वतःच्या सरकारविरुद्धही बोलले. जून २०१८ मध्ये त्यांनी, वाघोडियाचे मधु श्रीवास्तव आणि सावलीचे केतन इनामदार यांनी मिळून उघड तक्रार केली की अधिकारी आमदारांचे ऐकत नाहीत आणि मंत्रीही दाद देत नाहीत. तिघेही सत्ताधारी पक्षाचे, त्यामुळे गांधीनगरात गडबड उडाली. पक्षाने ती मिटवली, आणि मार्च २०१९ मध्ये योगेशभाई विजय रूपाणींच्या मंत्रिमंडळात नर्मदा आणि शहरी गृहनिर्माण खात्याचे राज्यमंत्री झाले. सहा टर्म साधे आमदार राहिलेल्या माणसाला पद मिळाले ते तक्रारीनंतर. यातून काय घ्यायचे ते ज्याने त्याने घ्यावे. ते नर्मदा खात्यात असतानाच, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. सप्टेंबर २०२१ मध्ये रूपाणी पायउतार झाले, नव्या मंत्रिमंडळात जुन्यांपैकी कोणालाच घेतले नाही आणि योगेशभाईही बाहेर पडले.

त्यांचे सर्वांत ठळक काम विधानसभेचेही नव्हे आणि मांजलपूरचेही नव्हे. शहराच्या मध्यावर सूरसागर तलाव आहे. त्यात उभी असलेली १११ फुटी सर्वेश्वर महादेवाची मूर्ती त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९९६ मध्ये सुरू झालेले काम २००२ मध्ये पुरे झाले. नंतर मूर्तीवर सोन्याचा मुलामा चढवण्यात आला, त्यासाठी सुमारे साडेसतरा किलो सोने लागले, आणि २०२३ च्या महाशिवरात्रीला मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांच्या उपस्थितीत ती लोकांसमोर आली. महाशिवरात्रीला निघणारी ‘शिवजी की सवारी’ ही मिरवणूकही त्यांच्याच समितीची. मूर्ती लांबून दिसते, ड्रेनेजची लाइन दिसत नाही. दीर्घ कारकीर्दीला दोन्ही लागतात, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.

२०२२ मध्ये पक्षाने वयाचा हिशेब लावून अनेक जुन्यांना घरी बसवले. मांजलपूरचे नाव १८२ जागांत अगदी शेवटी, अर्ज भरण्याची मुदत संपता संपता जाहीर झाले. तेव्हा योगेशभाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. तरी ते लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. या मताधिक्यात मोठा वाटा पक्षाच्या लाटेचा होता, कारण त्या वर्षी भाजपला १५६ जागा मिळाल्या. पण अशा वेळी ऐन मुदतीला जुनेच नाव काढावे लागले, हे श्रेय माणसाचेच. डिसेंबरमध्ये विधानसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनी नव्या सदस्यांना शपथ दिली.

याच आठव्या टर्ममध्ये, ऑगस्ट २०२४ मध्ये, शहरातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. घराघरांत पाणी शिरले आणि लोकांनी सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींना धारेवर धरले. दक्षिण भागात नदीबरोबर कांस, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे नालेही तुंबतात. बांधकामांनी त्यांची पात्रे अरुंद केली आहेत आणि ती बांधकामे कोणा एका वर्षात झालेली नाहीत. पुरानंतर नवलावाला समिती नेमली गेली आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले.

मतदारसंघाची हद्दही कायमची नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवरून पुन्हा पुनर्रचना व्हायची आहे आणि महिला आरक्षण त्यानंतर लागू होणार आहे. तेव्हा मांजलपूर आणि मकरपुरा एका जागेत राहतील की नाही, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही.