रेटिंग कधीचं?

प्रिय मामा,

धरणाच्या विसर्गाचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर आला की मला पूर नंतर आठवतो, आधी तू. ‘कुणी मोजलं? मीटरचं रेटिंग कधीचं?’ आम्हा भिवंडीकरांचा हिशोब साधा: कामवारी नदीनाक्याला चढली, आता तीनबत्तीच्या बाजारात कधी शिरते? तुला मात्र क्युसेकच्या मागचा माणूस आणि त्याच्या हातातलं यंत्र दोन्ही हवं असायचं.

पाण्याचा वेग मोजणारा मीटर तपासून आणायला खडकवासल्याला निघालास की मुक्काम आमच्याकडे. आल्या आल्या पेटी उघडायची आणि घरातला पंखा बंद. सहा वाट्यांच्या त्या फिरकीला बोटानं हलकेच गती द्यायचास आणि घड्याळाकडे बघत बसायचास. हळूहळू मंदावत थांबली तर ठीक. मध्येच अडकल्यासारखी थांबली की जेवणावरची तुझी वासनाच उडायची. आम्ही घामाघूम, बाहेर लूमचा खडखडाट, आणि आई म्हणायची, ‘अरे, आधी हात तरी धू!’

एकदा मला सोबत नेलंस, आठवतं? मुंबई इलाख्यानं 1916 साली सुरू केलेल्या त्या संशोधन संस्थेतली 200 मीटरहून लांब टाकी. मी नदी बघायला आले होते आणि पाणी ठार उभं! मी हसले तर चिडलास. म्हणालास, वाहत्या पाण्याचा खरा वेग आधी सांगणार कोण? म्हणून पाणी थांबवायचं आणि मीटरलाच पळवायचं. ट्रॉली रुळांवरून ठरलेल्या वेगानं निघाली, खाली बुडवलेला मीटर फिरू लागला. अंतर, वेळ, मीटरच्या फेऱ्या टिपल्या गेल्या. मग पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्या वेगानं ट्रॉलीची दुसरी धाव. इतक्या फेऱ्यांना इतका वेग, हे नातं त्यातून निघतं. तेच रेटिंग, त्याचंच कोष्टक. फार संथ पाण्यात मात्र घर्षणाचंच राज्य, मीटर जागचा हलत नाही. तिथं ते कोष्टक वापरायचं नाही, हे तू मला बजावून सांगितलंस. जणू मीच उद्या भातसा नदीत उतरणार होते.

आता पुलांवर रडार बसतात आणि तू नाक मुरडतोस. हे मला पटत नाही, मामा. पुरात ओंडके वाहताना माणसानं पुलावरून मीटर सोडत उभं राहायचं कशाला? तू उभा राहिलास, आईला कळू दिलं नाहीस, ते शौर्य होतं असं मी म्हणणार नाही. पण एक कबूल. रडारला दिसतो तो पाण्याचा वरचा थर, आणि तो सहसा सरासरीपेक्षा जोरात धावतो. म्हणून साधारण 0.85 नं गुणतात. तो गुणक त्या जागी लागू पडतो का, हे बघायला पुन्हा तुझाच मीटर पाण्यात हवा, खोलीच्या 0.2 वर एकदा, 0.8 वर एकदा.

इतका संशयी तू, आणि आईच्या उशाशी ठेवलेल्या त्या बीपीच्या मशीनला काहीच विचारलं नाहीस. का रे? असो.

बाबांना मात्र विचारलंस. त्यांच्या लूमवर कारागिराला मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. ‘ताका मोजणारं यंत्र शंभराला दोन मीटर खात असेल, तर ते कुणाच्या खिशातून जातात, भावोजी?’ तेही भर पंगतीत! वर्षभर तुम्ही दोघं दिवाळीलासुद्धा धड बोलला नाहीत. तुझा प्रश्न बरोबर होता, जागा चुकली. त्याच आठवड्यात बाबांनी दार लावून घेऊन एक अख्खा ताका मीटरपट्टीनं मोजला, आणि नंतर कारागिरांचा फरक चुकता केला. तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. ती आज मोडतेय. त्यांना एकदा फोन कर, पण यातलं काही बोलू नकोस. हवंतर पावसाचं विचार.

तुझी,
भाची