डोंगरीची वाट

भाईंदरला राहणाऱ्या माणसाने विरार गाडीत चढू नये, हा पश्चिम रेल्वेचा अलिखित कायदा! चढलाच, तर उतरताना त्याची परीक्षा. स्टेशनाबाहेर बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आणि वाटेवरची मिठागरे मागे पडतात. मग टेकडीची झाडी दिसते, अंगाचा घाम निवतो. ही डोंगरी! कर्ज काढून मी येथे घर केले, ते या झाडीसाठीच. १७३९ साली याच धारावी बेटासाठी मराठे पोर्तुगीजांशी झुंजले. आमची चौथ्या सीटसाठीची झुंज त्यापुढे किरकोळच म्हणायची!

मेट्रो येणार म्हणताच आम्ही नोकरदार हरखलो. पण तिच्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धा भाग ठरला, तेव्हा घरे जातील म्हणून गावकरी उभे राहिले. मग डोंगरीची जागा पुढे आली आणि हजारो झाडांचा प्रश्न उभा ठाकला. माझा वेळ वाचावा, असे मलाही वाटते. पण त्याची किंमत या गावांनी भरायची? घरी लवकर पोचण्यात आनंद आहेच. मात्र पोचल्यावर डोंगरी डोंगरीच राहिलेली असावी.