सात चित्रे

वादळ आले की शहाण्या माणसाने खिडक्या लावून घ्याव्यात, असे आमच्या घरातले एक मत आहे. ते मत माझे नव्हे. आभाळ भरून आले की माझे पाय गच्चीकडे वळतात आणि हात कॅमेऱ्याकडे जातो.

१३ मे २०२४ रोजी दुपारी असेच झाले. चेंबूरच्या आमच्या गच्चीवर मी माझा जुना कॅमेरा घेऊन उभा होतो. त्याला अजून फिल्मच लागते आणि त्या दिवशी रोलात सातच चित्रे उरली होती. ठाण्याच्या बाजूचे आभाळ मळकट झाले आणि पाहता पाहता धुळीची एक भिंत शहरावर चालून येऊ लागली. वळवाच्या ढगांची ही रीतच आहे. त्यांच्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतो, हवा गार होऊन जड होते, धाडकन जमिनीवर उतरते आणि धूळ उधळीत पुढे धावत सुटते. हे पुस्तकातले ज्ञान. प्रत्यक्षात मात्र एकेक उंच इमारत पुसट होत नाहीशी होताना पाहून मी देहभान विसरलो. भिंगावर पिवळी काच चढवली, वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणला आणि मोजून सहा चित्रे घेतली.

"अहो, ते यंत्र ठेवा आणि आधी कपडे काढा!" पाठीमागून आवाज आला.

"आलोच," मी म्हणालो. पण गेलो नाही. इतक्यात वारा अंगावर आदळला, माझा तोल गेला आणि सातवे चित्र भलतीकडेच उडाले.

संध्याकाळी बातमी कळली. घाटकोपरला, आमच्या गच्चीपासून फारशा लांब नसलेल्या एका पेट्रोल पंपावर, सुमारे १२० फूट लांबरुंद असा जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला होता. वाऱ्यापावसापासून आडोसा म्हणून कितीतरी माणसे तिथे थांबली होती. मृतांचा आकडा पुढे १७ वर गेला.

आठवड्याने रोल धुऊन आला. सहाही चित्रे उत्तम उतरली होती. एका स्नेह्यांनी चौथे चित्र हातात घेतले आणि म्हणाले, "वा! हे भिंतीवर लावा." मी गप्प राहिलो. त्या चित्रातल्या धुळीखाली तीच दिशा होती. मी वाऱ्याचा वेग, प्रकाश, ढगांचा रंग, सारे काही टिपले होते. नव्हती ती फक्त माणसे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून वादळही साजरेच दिसते.

सातवे चित्र मी टाकूनच देणार होतो. क्षितिज तिरके, सारे हललेले. मग नीट पाहिले. दोरीवरची चादर शिडासारखी फुगली आहे, तिच्याआड पदर दातांत धरलेली आमची ही, एका हाताने चादर ओढते आहे आणि दुसऱ्या हाताने मला बोलावते आहे.

ती सहा चित्रे पाकिटात आहेत. सातवे माझ्या टेबलावर आहे. ते पाहून ही दर वेळी विचारते, "इतके वाईट चित्र कशाला ठेवलेत?" मी काही बोलत नाही. मात्र आता आभाळ भरून आले, की गच्चीवर गेल्यावर मी आधी कपडे काढतो.