दिव्यावरून ओळख

गंगाखेडला गोदावरीला गोदावरी म्हणणारे थोडेच; तिथे ती गंगा. पावसाळ्यात ही गंगा परभणी जिल्ह्याची काळी माती पोटात घेऊन निघते, नांदेड मागे टाकते, तेलंगणातून आंध्रात उतरते आणि राजमहेंद्रीच्या पुढे फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. माती मात्र तिथेही थांबत नाही. गोदेच्या मुखासमोर खोल समुद्रतळातून काढलेल्या गाळात दख्खनच्या काळ्या पाषाणाचा अंश शास्त्रज्ञांना सापडला आहे. पाथरी-सोनपेठच्या रानातला चिखल वाहत वाहत जातो तो अशा अंधाराच्या दिशेने, जिथे मासे कपाळावर दिवा टांगून तरंगतात.

अंधार नदीलाही ठाऊक आहे. पुराच्या पाण्यात हात घातला तर मनगट दिसत नाही. शिंगटीचे त्यात काही अडत नाही. मिशांच्या चार जोड्यांनी तळ चाचपत ती आपले पोट भरते. तिला ओळखायलाही याच मिशा आणि अंगावरचे काटे पुरतात. जाळ्यातून सोडवताना काटा एकदा बोटात शिरला की भोयाच्या पोराला ती दुसऱ्यांदा शिकवावी लागत नाही. दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या कर्नल सायक्सने १८३९ मध्ये तिच्या शास्त्रीय नावातही ‘सींगटी’ तसेच ठेवले. नदीकाठी हजारो हात रोज माशाला लागतात, म्हणून ओळख पक्की होते. खोल समुद्रातल्या त्या दिवाधारी माशाच्या, म्हणजे अँगलरच्या, वाट्याला असे हात येत नाहीत. त्याच्या कित्येक जाती जगाला एका-दोन नमुन्यांवरूनच माहीत आहेत.

त्याचे घर कुठे, हे जिंतूरकराला सांगायचे तर येलदरी धरणाच्या भिंती एकावर एक अशा वीस रचाव्या लागतील. हजार मीटरखाली सूर्याचा किरण पोचत नाही. तिथल्या मादीचे शरीर काटकसरीने घडलेले आहे : हाडे हलकी, स्नायू सैल, पोहण्याची हौस नाही. खर्च केला आहे तो तोंडावर. जबडा अवाढव्य, दात लांब आणि आत दुमडणारे. भक्ष्य आत जाताना दात वाकतात, बाहेर येताना आडवे येतात. पोट इतके ताणले जाते की काही जाती स्वतःपेक्षा मोठा मासा गिळतात. पुढची मेजवानी कधी मिळेल याचा भरवसा नसल्यावर आलेल्या पाहुण्याला परत पाठवून चालत नाही.

पाठीवरच्या पराचा पहिला काटा सरकत सरकत थेट नाकाडावर आला आहे आणि त्याची काठी झाली आहे. तिला इलिशियम म्हणतात. काठीच्या टोकाला मांसल गाठ असते, ती एस्का. बहुतेक जातींत या गाठीच्या पोकळीत प्रकाश देणारे जीवाणू राहतात. उजेड त्यांचा, काठी माशाची. दिवा स्वतःच्याच तोंडासमोर धरायचा आणि आपण मात्र दिसायचे नाही, ही अडचण कातडीने सोडवली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओनेरोडिस या अँगलरच्या कातडीवरून शंभरातला जेमतेम ०.०४ भाग प्रकाश परत फिरल्याचे आढळले.

अभ्यासकाची नजरही भक्ष्यासारखी त्या एस्कावरच खिळते. बरणीतल्या दोन काळ्या, गोलसर माद्या शेजारी ठेवल्या तर परांचे काटे मोजावे लागतात, दातांच्या रांगा पाहाव्या लागतात. पण जातीचा निकाल पुष्कळदा एस्का देते. तिच्यावर किती धागे, कुठे फाटे, कुठे रंगद्रव्य, हे जातीजातीत वेगळे असते. २०१५ मध्ये थिओडोर पीच आणि ट्रेसी सटन यांनी मेक्सिकोच्या आखातातली ‘लॅसिओग्नॅथस डायनेमा’ ही जात नव्याने वर्णिली. हाताशी होत्या फक्त तीन माद्या, ३० ते ९५ मिलिमीटर लांबीच्या, हजार ते दीड हजार मीटर खोलीवरच्या. लॅसिओग्नॅथसच्या गळाला खरोखरच आकडे असतात. प्रत्येक आकड्याच्या बुडाशी फुटलेल्या बारीक धाग्याने ही जात सख्ख्या बहिणींपासून वेगळी काढली. जाळ्याच्या ओढीत तेवढे धागे तुटले असते तर? मासा तोच, पण नाव लावणे अवघड.

बंगालच्या उपसागरातल्या अशा माशांशी शास्त्राची गाठ घालून दिली ती मुंबईत बांधलेल्या एका जहाजाने. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षणाचे जहाज १८८१ मध्ये पाण्यात उतरले. १८८८ पासून आल्फ्रेड अल्कॉक हा डॉक्टर त्यावर निसर्गअभ्यासक होता. खोल तळावरून जाळे वर आले की चिखल धुऊन त्यातले जीव निवडायचे, हे त्याचे काम. १८९० मध्ये त्याने उपसागरातल्या एका दिवाधारी अँगलरला ‘पॅरोनेरोडिस ग्लोमेरोसस’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी याच गणातल्या, पण तळावर बसून राहणाऱ्या बॅटफिशांपैकी ‘हॅलिक्मेटस रुबर’ आणि ‘मॅल्थॉप्सिस ल्युटिया’ या दोन जातींची भर त्याने घातली. नंतर तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला.

त्या काळी वर्णन होत होते ते मोठ्या दिवाधारी माशांचे, म्हणजे माद्यांचे. मग नर कुठे होते?

होते समोरच. १९२२ मध्ये आइसलंडच्या ब्यार्नी सेमुंडसन यांनी मीटरभर लांबीच्या जातीतल्या एका मादीच्या पोटाला चिकटलेले दोन चिमुकले मासे पाहिले आणि ती पिल्ले समजली. १९२५ मध्ये लंडनच्या टेट रीगन यांनी तसाच एक चिकटलेला जीव चिरून पाहिला. तो नर निघाला. मादी भेटली की तो चावा घेतो आणि सुटतच नाही. कातडीला कातडी मिळते, रक्तवाहिन्या जोडल्या जातात, आणि त्याचे पोषण तिच्या रक्तावर चालते. ‘फोटोकोरिनस स्पिनिसेप्स’चा असा एक प्रौढ नर ६.२ मिलिमीटरचा भरला, त्याची मादी ४६ मिलिमीटरची. परके शरीर असे सामावून घेणे इतर पृष्ठवंशी प्राण्यांना झेपत नाही, कारण प्रतिकारशक्ती ते झिडकारते. या माशांच्या काही कुळांनी त्या प्रतिकारशक्तीचे महत्त्वाचे जीनच गमावले असल्याचे २०२० मध्ये दिसून आले.

मोकळ्या फिरणाऱ्या नराला दिवा नसतो. अनेक जातींत असतात मोठाले डोळे किंवा मोठाल्या नाकपुड्या. ज्या खुणेवर पुष्कळसे वर्गीकरण उभे, तीच नसल्यामुळे सुटे सापडलेले नर स्वतंत्र नावांनी नोंदले गेले. शास्त्राच्या वहीत नवराबायको वेगवेगळ्या घरांत नांदत राहिले. आता डीएनए जुळवून ही मोडलेली लग्ने पुन्हा लावता येतात.

बरणीतला मासा ओळख देतो, वागणूक सांगत नाही. जायगँटॅक्टिस या अँगलरचा गळ चाबकासारखा लांब. चित्रांत तो मासा सरळ पोहणारा आणि गळ पुढे ताणलेला असाच असे. मग हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या दरम्यान, सुमारे पाच हजार मीटर खोलीवर, दूरनियंत्रित यंत्राच्या कॅमेऱ्यासमोर तो आला. पाठ खाली, पोट वर, गळ तळाच्या चिखलाच्या अगदी जवळ सोडलेला, आणि स्वारी प्रवाहाबरोबर निवांत चाललेली. हे निरीक्षण २००२ मध्ये छापून आले. पुस्तकातली ती जुनी चित्रे पाहायची तर तेव्हापासून पुस्तक उलटे धरावे लागते.