मेन्यूने फार आश्वासनं देऊ नयेत

प्लेस्टेशन ३ चा मेन्यू हा माझ्या लेखी गेम कन्सोलवरचा सर्वांत देखणा मेन्यू होता, आणि हे मत मी वर्षानुवर्षं हिरिरीने मांडत आले. सोनीचा हा क्रॉस मीडिया बार, म्हणजे एक्सएमबी, २००३ साली जपानमध्ये पीएसएक्स नावाच्या रेकॉर्डरवर आला, पुढच्या वर्षी पीएसपीवर आणि २००६ साली प्लेस्टेशन ३ वर. फोटो, संगीत, व्हिडिओ, गेम अशी चिन्हांची एक आडवी ओळ. त्यातल्या कुठल्याही चिन्हावर थांबलं की त्याच्या खाली उभी यादी उलगडायची. बास, एवढंच. मागे संथपणे हलणारी लाट, तिचा रंग महिन्यागणिक वेगळा आणि उजेड दिवसाच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त. पाहुण्यांना गेमच्या आधी मी हा मेन्यूच दाखवत असे.

पण मला खरी भुरळ पडली होती ती त्याच्या आवाक्याची. त्यात सीडीवरची गाणी भरून ठेवता येत, पेनड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो टीव्हीवर पाहता येत. सुरुवातीच्या मॉडेल्सवर लिनक्सही बसवता येई. शिवाय यंत्र रिकामं असेल तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फोल्डिंग ॲट होम प्रकल्पासाठी ते प्रथिनांच्या घड्यांची आकडेमोड करत बसे. कन्सोलच्या मेन्यूत सगळं घर सामावलं पाहिजे, असं मला तेव्हा ठामपणे वाटायचं.

म्हणूनच २०१७ मध्ये निन्टेन्डोचा स्विच हातात आला तेव्हा त्याचा मेन्यू मला अगदी कोरडा वाटला. पांढरी पार्श्वभूमी, नको असेल तर काळी. गेमचे चौकोन एका ओळीत, बारा झाले की पुढचे सगळे वेगळ्या पडद्यावर. खाली सेटिंग्ज, अल्बम, दुकान वगैरेंची छोटी गोल चिन्हं. संगीताचा पत्ता नाही. ज्या कंपनीने वी कन्सोलच्या मेन्यूला काझुमी तोताका यांचं इतकं लाघवी संगीत दिलं होतं, तिनेच हे करावं, याचं वाईट वाटलं.

मेन्यूत सगळं घर असावं, हे माझं मत एका दिवसात पालटलं नाही. प्लेस्टेशन ३ वर जे जे मला प्रिय होतं ते एकेक करून गेलं, तसतसं ते सैल होत गेलं. १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने लिनक्सची सोय काढून टाकली. अपडेट नाकारलं तर प्लेस्टेशन नेटवर्कचं दार बंद. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये फोल्डिंगही थांबलं. शिवाय एवढा थोरला पसारा सांभाळायला यंत्राकडे मेमरी होती ५१२ एमबी, तीही २५६-२५६ अशी विभागलेली. त्यामुळे गेम चालू असताना पूर्ण मेन्यू उघडण्याची सोय यायला जुलै २००८ उजाडला, आणि ती आणणारं २.४० अपडेट काही यंत्रं सुरूच होईनात म्हणून लगेच मागे घ्यावं लागलं. आधी देऊ केलेलं काढून घेतलं जातं ते मेन्यू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच हातून, आणि वापरणाऱ्याला त्यात काडीचाही अधिकार नसतो. हे मला फार लागलं.

स्विचने मोठं काही कबूलच केलं नव्हतं. जे दिलं ते मात्र रोज, न चुकता मिळतं. बसची वाट पाहताना बटण दाबायचं, मग कुठलंही एक बटण तीनदा दाबायचं, की काल जिथे उडी अर्धवट सोडली होती तिथेच पात्र हवेत असतं. ही सोय प्लेस्टेशन ३ वर कधीच नव्हती. आणि त्या तीनदा दाबण्यातही गंमत आहे: नेहमीच्या बटणांना साधी टकटक, पण खांद्यावरची झेडएल, झेडआर बटणं दाबून पाहा, वेगळेच चमत्कारिक आवाज येतात. ज्या मेन्यूला मी कोरडा म्हणत होते, त्यात कुणीतरी एवढ्या प्रेमाने हा खेळ लपवून ठेवला होता.

आणखी एक गोष्ट मला आता फार मोलाची वाटते. एक्सबॉक्स ३६० ने २००५ ते २०११ या काळात तीनदा रूप पालटलं आणि शेवटी पडद्यावर जाहिरातींच्या मोठमोठ्या फरशा आल्या. स्विचच्या मुख्य ओळीत आजही फक्त आपले गेम असतात. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर पहिली जागा आपल्या गेमची असावी. दुकानाला खालचं एक गोल चिन्ह पुरतं.

उणिवा आहेतच. गेमचे गट करायची सोय यायला २०२२ चा मार्च उजाडला, तीही मुख्य ओळीत नाही, आतल्या पडद्यावर. संगीत अजूनही नाही आणि त्याची उणीव मला खरोखर भासते. २०२५ च्या स्विच २ वरही मेन्यू जवळपास तसाच ठेवला आहे, याचा मात्र मला आनंद आहे. निन्टेन्डोकडे माझं एवढंच मागणं: हवं त्याला लावता येईल असं थोडं संगीत द्या, बाकी मेन्यूला हात लावू नका.